‘कुठलं इंग्रजी शिकवता?’ : नागपुरात ट्यूशन शोधताना आलेला अनुभव

नागपुरात ट्यूशनला तोटा नाही. धरमपेठेपासून मनीषनगरपर्यंत कुठलाही विजेचा खांब बघा, फिजिक्स, मॅथ्स आणि स्पोकन इंग्लिशचे फोन नंबर एकावर एक चिकटवलेले असतात. त्यातून आपल्या लेकराला कोण चालेल, हे शोधताना मात्र घाम फुटतो, आणि तो फक्त उन्हाचा नसतो.

माझी लेक सहावीत आहे, सेमी इंग्रजीला. गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. धड्याखालची उत्तरं नीट लिहिते, पण कोणी इंग्रजीत दोन प्रश्न विचारले की माझ्या मागे जाऊन उभी राहते. तिला बोलतं करणारं कोणी मिळावं, एवढंच मला हवं होतं. घरात चर्चा भलतीच सुरू झाली. सासरे एजी ऑफिसातून, म्हणजे महालेखापाल कार्यालयातून, रिटायर झालेले, जन्मभर सरकारी इंग्रजीत टिपणं लिहिलेली. त्यांचं म्हणणं, ‘‘इंग्रजी म्हणजे ब्रिटिश. बाकी सगळी बिघडलेली.’’ दीर न्यू जर्सीला असतो. तो व्हिडिओ कॉलवर म्हणाला, ‘‘वहिनी, अमेरिकनच लावा. पुढे तेच कामाला येते.’’ त्यावर आमचे हे त्याला म्हणाले, ‘‘आधी तिला बोलू तर दे बे!’’

शोध उन्हाळ्याच्या सुट्टीत सुरू केला. विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, त्यामुळे हाताशी वेळ होता. पहिल्या एक-दोन ठिकाणी फीशिवाय काही विचारायचं सुचलंच नाही. मग मी एक प्रश्न ठरवून टाकला आणि जिथे जाईन तिथे तोच विचारला: ‘‘मुलीने कलरचं स्पेलिंग यू न घालता लिहिलं, तर तुम्ही काय करता?’’ ब्रिटिश पद्धतीत त्यात यू असतो, अमेरिकन पद्धतीत नसतो. आमच्या शाळेची पुस्तकं यूवाली. कार्टून, मोबाइलवरचे गेम आणि फोनमधलं स्पेलिंग तपासणारं यंत्र बहुतेक यूशिवायचं. म्हणजे हा प्रश्न तिच्या वहीत रोज येणारच होता.

सीताबर्डीकडच्या एका क्लासच्या बोर्डावरच ‘अमेरिकन अॅक्सेंट’ लिहिलेलं होतं. डेमोला बसलो. सर तरुण, उत्साही, आधी कॉल सेंटरमध्ये नोकरी केलेले. पोरांकडून ‘वॉटर’चं ‘वॉडर’ घोकून घेत होते, ‘बेटर’चं ‘बेडर’. अमेरिकेत दोन स्वरांमधला टी असा मऊ होतो हे खरंच आहे, सर काही खोटं शिकवत नव्हते. पण तासभर बोलले ते एकटे सरच. मुलांच्या वाट्याला आले ते सुटे शब्द. एकाही मुलाने स्वतःचं एक आख्खं वाक्य जुळवलं नाही. माझ्या प्रश्नावर उत्तर आलं, ‘‘सेम आहे मॅडम, कोणतंही चालतं.’’ शाळेच्या पेपरात कोणतंही चालत नाही, हे मला माहीत होतं.

दुसरे सर लक्ष्मीनगरात, निवृत्त मुख्याध्यापक. अक्षर मोत्यासारखं, व्याकरण पक्कं. ते म्हणाले, ‘‘यू नसेल तर मी अर्धा मार्क कापतो.’’ उत्तर स्पष्ट होतं, मला आवडलंही. पण त्यांच्याकडे मुलं तास-तास खाली मान घालून लिहीत बसलेली. शिवाय एका मुलाच्या वहीत ‘ऑर्गनाइझ’मधला झेड लाल शाईने कापून त्यांनी एस केला होता, बाजूला शेरा: अमेरिकन. आता गंमत अशी की ऑक्सफर्डचा मोठा शब्दकोश अशा शब्दांत झेडच आधी देतो, आणि तो काही अमेरिकन शब्दकोश नाही. ब्रिटनमध्ये दोन्ही चालतात, एस जास्त दिसतो, इतकंच. हे मी सरांना बोलले नाही. मुख्याध्यापकांना कोण सांगणार!

मग दिराच्या आग्रहाने ऑनलाइन ‘नेटिव्ह टीचर’चा एक चाचणी वर्ग घेतला. शिक्षक उत्तर इंग्लंडचे, मँचेस्टरच्या बाजूचे. माणूस अगदी गोड. ‘बस’ला ‘बुस’ म्हणायचे आणि ‘कप’ला जवळजवळ ‘कुप’. सासरे शेजारी बसून ऐकत होते, ते चक्रावलेच. हा ब्रिटिश आहे की कोण? त्यांच्या डोक्यातलं ब्रिटिश इंग्रजी म्हणजे जुन्या बीबीसीच्या बातम्यांचं. तो उच्चार डॅनियल जोन्स या भाषाशास्त्रज्ञाने 1917च्या आपल्या उच्चारकोशात नोंदवला. दक्षिण इंग्लंडातल्या, महागड्या निवासी शाळांत शिकलेल्या घरांची ती बोली. तसं बोलणारे खुद्द ब्रिटनमध्ये तेव्हाही थोडेच होते आणि आजही थोडेच आहेत. ‘बाथ’ म्हणताना दक्षिणेकडचे लांब ‘आ’ काढतात, उत्तरेकडचे आखूड. कुणाचं चुकलं म्हणायचं?

स्कॉटलंडचे लोक तर शब्दाअखेरचा आर खणखणीत वाजवतात, लंडनकडचे तो गिळतात. ‘कार’चं लंडनला ‘का’ होतं. वडील हिस्लॉप कॉलेजचे विद्यार्थी, त्यामुळे मला इथे वेगळंच आठवलं. ज्यांच्या नावाने ते कॉलेज 1883मध्ये निघालं, ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटिश मिशनरी होते. म्हणजे नागपुरात ज्यांनी सुरुवातीला इंग्रजी शाळा काढली, त्यांच्याही तोंडी लंडनची इंग्रजी नव्हती. सासऱ्यांना हे सांगितलं, तर त्यांनी चहा मागितला.

ऑनलाइनचं जमलं नाही ते मात्र उच्चारामुळे नाही. पंचवीस मिनिटांचा वर्ग, त्यात लेक अडली की ती का अडते हे त्या सरांना कळेना, कारण मराठी त्यांना येत नव्हती. ‘आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स’ म्हणाली, त्यांनी ‘आय हॅव’ असं सुधारून दिलं, पुढच्या वाक्यात पुन्हा तेच. वेळेचंही झंझट होतं. आपले संध्याकाळचे पाच म्हणजे उन्हाळ्यात तिकडची दुपारची साडेबारा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, की इथला वर्ग थेट सहावर. त्या वेळी हिची कराटे असते.

शेवटी खामल्यातल्या एक मॅडम मिळाल्या, त्याही खांबावरून नाही, भाजीवाल्याकडे भेटलेल्या एका काकूंकडून. मूळच्या चंद्रपूरच्या, इंग्रजीत एमए, घरीच पाच-सहा मुलं घेतात. त्यांचं इंग्रजी ऐकल्यावर बाई विदर्भातल्या आहेत हे लगेच कळतं. पण प्रत्येक शब्द समजतो. माझा ठरलेला प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, ‘‘आधी विचारीन, कुठे वाचलंस? अमेरिकन पुस्तकात वाचलं असेल तर बरोबरच आहे. पण शाळेच्या वहीत यू घालायचा, आणि एका निबंधात दोन्ही प्रकार नको.’’ मग त्यांनी मुलीला नोआ वेब्स्टरचं सांगितलं. नवा देश झाला तर स्पेलिंगही आपलं हवं, असं त्या माणसाला वाटायचं. 1828च्या त्याच्या मोठ्या शब्दकोशाने यू वगळलेला ‘कलर’ अमेरिकेत पक्का केला. त्याचं सगळंच काही लोकांनी ऐकलं नाही. ‘टंग’, म्हणजे जीभ, हा शब्द टी-यू-एन-जी असा लिहा म्हणाला होता, तो कोणी घेतला नाही. लेक हसली. ट्यूशनच्या पायरीवर ती हसली हेच मला पुरेसं होतं, पण मी फीही विचारून घेतली.

डेमोत मी एकच गोष्ट पाहत होते: तासात मुलं किती बोलतात. मॅडम प्रश्न टाकून गप्प बसतात. शांतता लांबली तरी घाई करत नाहीत. मूल अडखळत बोलत असलं तर मध्ये तोडत नाहीत, चुका एका कागदावर टिपून ठेवतात आणि शेवटी त्यातल्या दोनच घेतात. ‘हॅविंग’चीही गाठ त्यांनीच सोडवली. त्यांचा अंदाज असा, की आपण घरी ‘मी जेवून राहिली’, ‘तो येऊन राहिला’ असं बोलतो, म्हणून मुलं इंग्रजीतही जिथे तिथे आयएनजी लावतात. नागपूरबाहेरची मुलंही ‘आय अॅम नोइंग’ म्हणतात, तेव्हा सगळा दोष वऱ्हाडी-नागपुरीवर टाकता येणार नाही, पण लेकीला ते पटलं. कारण पुण्याची आतेबहीण तिला याच ‘करून राहिली’वरून चिडवते. मॅडमनी विचारलं, ‘‘तिची मराठी तुला समजते ना? तुझी तिला?’’ मग म्हणाल्या, ‘‘लंडन आणि न्यूयॉर्कचंही असंच.’’

त्यांचं मुख्य लक्ष मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि ते मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं. उच्चार ब्रिटिश की अमेरिकन यापेक्षा शब्दातला जोर चुकला की समोरच्याला कळत नाही, असं त्या म्हणतात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या ‘फो’वर, ‘फोटोग्राफर’मध्ये तो सरकून ‘टो’वर जातो. लंडनला तसंच, शिकागोलाही तसंच. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्याच वजनाने म्हणतो, म्हणून आपल्याला ते जाणवत नाही. काही शब्दांत दोन्हींकडे फरक आहे, उदाहरणार्थ ‘गॅरेज’: ब्रिटनमध्ये बहुतेकांचा जोर आधी, अमेरिकेत नंतर. पण असे शब्द मोजके. दुसरं म्हणजे व्ही आणि डब्ल्यू. आपला ‘व’ एकच. त्यात मराठी लिहिताना व्हीसाठी ‘व्ह’ वापरतो, म्हणून मुलं ‘व्हॅन’मध्ये चक्क ह काढतात. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर, डब्ल्यूला ओठांचा गोल. लेक सध्या आरशासमोर उभी राहून व्ही करते आणि सासूबाई विचारतात, हिला काय झालं?

दिराला अजून शंका होती, पुढे परदेशात जायचं झालं तर? मॅडमनी फोनवरच सांगितलं, की आयईएलटीएसला, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजीच्या परीक्षेला, दोन्ही पद्धतींची स्पेलिंगं चालतात आणि तिथे ऐकायला लावतात तेही एकाच देशाचं बोलणं नसतं. कान जेवढ्या प्रकारचं इंग्रजी ऐकेल तेवढं बरं. तेव्हापासून दर रविवारी पंधरा मिनिटं तो पुतणीशी इंग्रजीत बोलतो. तो ‘फर्स्ट फ्लोअर’ म्हणतो तेव्हा तो तळमजला असतो, हे तिने त्याच्याकडून शिकून घेतलं. त्याच्या ‘मॅथ’ला ती हट्टाने ‘मॅथ्स’ म्हणते.

फी महिन्याला पंधराशे, आठवड्यातून तीन दिवस, आणि मॅडम गावी गेल्या की ते तास नंतर भरून देतात. वहीच्या पहिल्या पानावर मॅडमनी शाळेपुरत्या स्पेलिंगांची एक यादी करून दिली आहे. सासरे आता तीच यादी हातात घेऊन तिची वही तपासतात आणि झेडवर अडतात. परवा त्यांनी ‘ऑर्गनाइझ’ला पेन्सिलने गोल केला. मॅडमनी त्याखाली लिहून पाठवलं, ‘‘आजोबा, ऑक्सफर्ड बघा.’’ त्यांनी अजून बघितलेला नाही. लेकीचा डब्ल्यू मात्र दिवाळीनंतर घ्यायचा ठरलाय.