सबमिट करू का, मॅडम?

परीक्षेचे फॉर्म सुरू झाले की आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये माझी ड्यूटी लागते. मी शिकवते मराठी. कॉम्प्युटरमधलं फार कळतं म्हणून नव्हे, दुपारी माझा तास नसतो म्हणून. काम तसं काहीच नाही. मुलं आपापले फॉर्म भरतात, मी मागून फेऱ्या मारते आणि दर पाच मिनिटांनी कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यातून हाक येते, "मॅडम, सबमिट करू का?"

परवा हे विचारणारा मुलगा माझ्या चांगल्या ओळखीचा. गॅदरिंगला यानेच विंगेत उभ्या उभ्या मोबाइलवर नाचाचा व्हिडिओ कापला, गाणं चिकटवलं, वर अक्षरं नाचवली आणि पुढचा कार्यक्रम सुरू व्हायच्या आत इन्स्टाग्रामवर टाकून मोकळाही झाला. तोच पठ्ठ्या आता माउस बोटांच्या टोकांनी धरून बसलेला, फडक्याशिवाय गरम पातेलं उचलावं तसा.

"सगळं बरोबर भरलंयस ना?"

"भरलंय. पण तुम्ही एकदा बघा ना."

मार्क प्रेन्स्की नावाच्या अमेरिकन लेखकाने २००१ साली डिजिटल जगात वाढणाऱ्या पिढीला 'डिजिटल नेटिव्ह' म्हटलं. म्हणजे तंत्रज्ञानाच्या गावातच जन्मलेली, तिथली बोली जन्मजात बोलणारी माणसं. आपण त्याचं आणखी सोपं करून टाकलं: "आजकालची पोरं पोटातून शिकून येतात!" हे कौतुक मुलांना किती महागात पडतं ते लॅबमध्ये कळतं. सगळं येतंच असं एकदा ठरलं की येत नाही हे सांगायचं कुणाला? एम.ए.च्या एका विद्यार्थ्याने अख्खा चाळीस पानी प्रकल्प मोबाइलवर अंगठ्यांनी टाइप केला. मग लॅबमध्ये बसून, आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना हे बघून, हळूच मला विचारलं, "मॅडम, फाइल सेव्ह केली की जाते कुठे?" त्याच्यासाठी फाइल ठेवायची जागा म्हणजे व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेला मेसेज. फोल्डरशी त्याची कधी गाठच पडली नव्हती. यात हसण्यासारखं काय आहे? माझी महत्त्वाची कागदपत्रंही साड्यांच्या घडीतच असतात.

प्रेन्स्कींनी तो शब्द दिला त्याच वर्षी आपल्याकडे एमएस-सीआयटी सुरू झालं. पुढे मीही ते केलं. क्लासच्या दाराशी चपला काढायच्या, आत एसीचा गारठा, मॉनिटरवर प्लास्टिकचं कव्हर आणि दसऱ्याला सीपीयूला झेंडूची माळ. सरांचं पहिलं वाक्य होतं, "मी सांगेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही." आमची भीती यंत्राची होती. आपण काहीतरी दाबू आणि ते बिघडेल, भरपाई आपल्याच माथी येईल. मानसशास्त्रज्ञ क्रेग ब्रॉड यांनी १९८४ मध्ये 'टेक्नोस्ट्रेस' म्हटलं ते हेच: नव्या यंत्राशी धड जुळवून न घेता आल्याने होणारी घालमेल.

या मुलांना यंत्राची कसली भीती? हँग झालं तर खुशाल बटण दाबून बंद करतात. त्यांचा घसा कोरडा पडतो तो त्या एका निळ्या चौकोनापाशी. रील फसलं तर उडवता येतं. टाइप करताना चुकलं तर कंट्रोल झेड आहे. सबमिटला कंट्रोल झेड नाही. तिथे चुकलं तर अर्ज, फी, एसटीने विद्यापीठाची वारी, 'साहेब जेवायला गेलेत', आणि फारच चुकलं तर वर्ष.

आणि चुकायला जागा तरी किती! मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एकीच्या नावातला एक 'ए' आधारवर गळलेला. आईच्या नावाला एका कागदावर 'बाई' जोडलेलं, दुसऱ्यावर नाही. कॉम्प्युटरच्या लेखी सुनीता आणि सुनीताबाई या दोन वेगळ्या बायका. त्यात आता एबीसी आयडी. ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे मुलांचे शिक्षणाचे क्रेडिट्स जिथे जमा होतात ते ऑनलाइन खातं, त्यातला बारा आकडी नंबर. तो डिजिलॉकरमधून काढायचा, त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येणार, मोबाइल वडिलांचा आणि वडील रानात.

अशीच एक मुलगी दुसऱ्या रांगेत बसली होती. एका कानाला फोन, डोळे स्क्रीनवर.

"पप्पा, आत्ता मेसेज आला बघा. त्यातले सहा आकडे वाचा... नाही, तो बँकेचा. त्याच्या वरचा... अहो वाचा ना लवकर, वेळ संपतोय!"

पलीकडचा आवाज रानातल्या माणसाचा, चांगला खणखणीत. "अगं, पण हे कुणाला सांगू नका म्हणतात की!"

लॅब हसली. ती नाही हसली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पहिला ओटीपी वाया गेला, दुसऱ्याला पप्पांनी आठाचा तीन वाचला. तिसऱ्याला मी शेजारी खुर्ची ओढून बसले. केलं काहीच नाही, नुसती बसले. पप्पांनी एकेक आकडा मोजून मापून सांगितला आणि नंबर आला. मग ते नेहमीचं, "सबमिट करू का, मॅडम?" मी मान डोलावली. पांढरा गोल फिरला, फिरतच राहिला आणि शेवटी हिरवी खूण उमटली. पावती डाउनलोड करायचं सोडून तिने आधी मोबाइल काढून स्क्रीनचाच फोटो घेतला. पुरावा हवा तो आपल्या हातात!

पुढच्या दहा मिनिटांत मी बघते तर ही दोन खुर्च्या सोडून एका मैत्रिणीच्या मागे उभी. "अगं दाब, काही होत नाही. मी केलंय ना आत्ता." आणि मैत्रिणीने दाबलंही. मी तिला दोनदा तेच सांगून गेले होते, तेव्हा बोट हललं नव्हतं. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये हा विषय मांडला. हे मला जमेल, असा भरवसा सगळ्यात पक्का येतो तो स्वतः करून. त्यानंतर आपल्यासारख्याच कुणाला जमलेलं पाहून. वडीलधाऱ्यांचा 'जमेल गं तुला' त्याच्याही मागे. मराठीच्या प्राध्यापिकेने हे मनाला लावून घेऊ नये.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पप्पाच.

"झालं का गं?"

"झालं पप्पा."

"बरं. मग तो आकड्यांचा मेसेज... पुसू का आता?"