दारफळणीचा सण

योम किप्पूर हा ज्यूंचा मोठा सण, पण नाव काढलं की आपल्याला आठवलंच तर १९७३ चं इस्रायल-अरब युद्ध आठवतं. पण याच सणाला एक अस्सल मराठी नाव आहे आणि ते अलिबाग-पेण-रोह्याच्या पट्ट्यातल्या लोकांनी ठेवलंय, दारफळणीचा सण. फळणी म्हणजे दार लावून घेणं. कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे पिढ्यान्पिढ्या इथेच राहिलेले ज्यू, ज्यांना गावात शनवार तेली म्हणायचे कारण शनिवारी यांचा घाणा बंद, ते त्या दिवशी पांढरे कपडे घालून, कडक उपास करून, दार लावून आत बसायचे. बाहेरच्या कुणाशी संबंध नाही. बस्स, हे केलं म्हणून हे नाव!

मूळ हिब्रू नाव जरा जड आहे, प्रायश्चित्ताचा दिवस. क-प-र या धातूचा अर्थ कुणी पुसून टाकणं लावतं, कुणी झाकणं, आणि मराठी बायबलात कराराच्या कोशावरचं (दहा आज्ञांच्या पेटीवरचं) जे 'दयासन' येतं तो कप्पोरेत शब्दही याच कुळातला. आता गंमत बघा, या दिवशीची शेवटची प्रार्थना असते नेइला, म्हणजेसुद्धा बंद करणं, सूर्य मावळताना दरवाजे मिटतायत तेवढ्यात मागायचं ते मागून घ्या. कोकणातल्या या मंडळींकडे कित्येक पिढ्या ना हिब्रू ग्रंथ होते ना शिकवणारे, शेमा ही एक प्रार्थना तेवढी तोंडात राहिलेली, आणि तरी दार मात्र बरोब्बर लावलं जात होतं. मला हा नुसता योगायोग वाटत नाही, पण मला विचारतंय कोण.

आणि तिथी कुठली, तर ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याची दहावी. चांद्रमासच असल्यामुळे बऱ्याचदा ती आपल्या दसऱ्याच्या आसपास पडते, २०२४ ला १२ ऑक्टोबर आणि २०२५ ला २ ऑक्टोबर, दोन्ही वेळा दसरा आणि योम किप्पूर एकाच दिवशी! म्हणजे शेजारच्या घरी दाराला झेंडूचं तोरण आणि इकडे दारच बंद. त्यांच्यात आदल्या दिवशी पितर घरी येतात अशी समजूत होती, म्हणजे आपला पितृपक्ष नुकताच उरकलेला असताना यांचे पितर यायचे, आणि दुसऱ्या दिवशी ते परत जायचे त्या दिवसाचं नाव शिळा सण. प्रायश्चित्त, आत्मा, मोक्ष वगैरे काही नाही, शिळा. मोठा सण झाल्यावर दुसऱ्या दिवशी घराची जी अवस्था असते ती ज्याने बघितलीय त्याला हे नाव समजावून सांगायला नको.

ही सगळीच नावं अशी आहेत. नारळी पौर्णिमा, कांदेनवमी म्हणणाऱ्यांच्या शेजारी राहिल्यावर दुसरं काय होणार म्हणा. नवीन वर्ष म्हणजे नव्याचा सण, मग खिरीचा सण. पुरीम या सणाचं नाव पूर म्हणजे चिठ्ठीवरून आलं, इराणच्या बादशहाचा वजीर हामान याने ज्यूंना मारायचा दिवस चिठ्ठ्या टाकून ठरवला होता म्हणून, पण इकडे तो फाल्गुनातल्या पौर्णिमेच्या आसपास येतो ना, मग त्याला सरळ होळीचा सण म्हणून मोकळे. वल्हांडणाचं, म्हणजे पासओव्हरचं, नाव तर मला सगळ्यात आवडतं, अनाशी ढाकाचा सण. अनास म्हणजे आंबट रस ठेवायचं मातीचं भांडं, ते आठ दिवस झाकून ठेवायचं. मूळ नियम खमीर घातलेला पाव खाऊ नये असा, आता तांदळाची भाकरी खाणाऱ्या कोकणात खमीर कुठून आणणार, तर घरात आंबट म्हणून जे होतं त्यावर झाकण पडलं. कारण विसरलं गेलं, झाकण राहिलं.

पुढे शिकवणारे आले, १७९६ ला मुंबईत मांडवीला सॅम्युअल दिवेकरांनी शार हारहमीम हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं (अर्थ दयेचं दार, परत दारच!), १८४६ ला वल्हांडणाची हगादा, म्हणजे त्या सणाला वाचायची पोथी, मराठीसकट छापून आली आणि हळूहळू हिब्रू नावं रुळली. ते व्हायचंच होतं.

जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याच्या शोकाचा उपास, तिशा बआव, म्हणजे नुसती 'आव महिन्याची नववी', तो कोकणात झाला बिरड्याचा रोजा, कारण उपास सोडायला वालाचं बिरडं. वाल मोड आणून एकेक सोलायचे, तेही उपाशीपोटी. हे नाव कुठल्या पंडिताने नक्की ठेवलेलं नाही, ज्या बाई सोलत बसल्या होत्या त्यांनीच ठेवलं असणार.