साडेपाचच्या आत ब्रुज

बेल्जियममधल्या झेब्रुगेच्या धक्क्याला जहाज लागलं आणि लाउडस्पीकरवरून एकच सूचना तीनतीनदा बजावली गेली : साडेपाचच्या आत परत या. जहाज कुणासाठी थांबत नाही. ही म्हणाली, "अहो, घड्याळ जहाजाच्याच वेळेला लावलंय ना?" लावलं होतं. तरी दिवसभर माझं निम्मं लक्ष मनगटावरच.

गंमत म्हणजे आम्ही बघायला निघालेल्या ब्रुज गावाला आता समुद्रच नाही. धक्क्यापासून गाव चांगलं पंधराएक किलोमीटर आत. मध्ययुगात झ्विन नावाच्या खाडीमुळे याचा समुद्राशी घरोबा होता. इंग्लंडची लोकर यायची, इटलीचे व्यापारी पेढ्या थाटून बसायचे. मग खाडीत गाळ साचला, व्यापारी अँटवर्पकडे सरकले आणि गाव कंगाल झालं. जुनं पाडून नवं बांधायला पैसा लागतो. तो नव्हता, म्हणून विटांची ती उतरत्या, पायऱ्यापायऱ्यांच्या माथ्याची घरं राहून गेली. थेट १९०७ साली झेब्रुगेचं नवं बंदर आणि कालवा झाला. समुद्र दुरावला म्हणून राहिलेलं गाव बघायला आम्ही समुद्रावरून आलो होतो, आणि तेही साडेपाचपर्यंत.

चौकातला घंटामनोरा ८३ मीटर उंच, वर जायला ३६६ पायऱ्या. रांग बघूनच गुडघ्यांनी नकार कळवला. मनोऱ्यावर ४७ घंटा आहेत आणि दर पंधरा मिनिटांनी त्या सुरेल किणकिणतात. बाकीचे माना वर करून ऐकत होते. मी उरलेली पावपावतासं मोजत होतो.

आवर लेडी चर्चमध्ये मायकेलअँजेलोची संगमरवरी मेरी आहे. तिच्या मांडीवर मूल बसलेलं नाही; गुडघ्यांमधून निसटून खाली उतरायच्या बेतात आहे, एक हात तेवढा आईच्या हातात. आईची नजर मात्र त्याच्यावर नाहीच, कुठेतरी खाली लागलेली. ही मूर्ती १७९४ मध्ये फ्रेंचांनी पळवली, १९४४ मध्ये जर्मनांनी. दुसऱ्या वेळी ती ऑस्ट्रियातल्या मिठाच्या खाणीत सापडली. एवढं सोसून परतलेल्या मूर्तीला आम्ही दिली सात मिनिटं. जरा लाजच वाटली.

मग बोट. पूल इतके ठेंगणे की नावाडी ओरडला की सगळ्यांनी निमूट माना खाली घालायच्या. पुलाखाली क्षणभर गारवा, ओल्या दगडाचा वास, आणि कमानीवर हलणारी पाण्याची जाळी. काठावर हंस. १४८८ मध्ये गावकऱ्यांनी लान्खाल्स नावाच्या अधिकाऱ्याचा शिरच्छेद केला. त्याच्या आडनावाशी 'लांब मान' या शब्दांचा मेळ बसतो. म्हणून त्याचा धनी, तेव्हाचा राज्यकर्ता मॅक्सिमिलियन याने गावाला लांब मानेचे हंस कायम पाळायची शिक्षा दिली, अशी दंतकथा. शिक्षा असावी तर अशी!

पाच वाजून दहा मिनिटांनी आम्ही जहाजावर. म्हणजे वीस मिनिटं उरली होती. ती चर्चमध्ये खर्चता आली असती. ही डेकवर फोटो चाळत बसली आणि झाडीतल्या त्या इवल्याशा बोनिफासियस पुलापाशी थांबली. "बघा, सगळ्यात जुनं हेच असणार. कसं झिजलंय!" तो पूल १९१० चा, म्हणजे झेब्रुगेच्या बंदराहूनही वयाने लहान. मी म्हटलं, "हो, छान आलाय फोटो."