आमच्या चर्चमध्ये मत कोणाला?

"तू अमेरिकेत चर्चला जातेस, म्हणजे तिथले सगळे ट्रम्पवालेच असतील ना?" गावाकडून फोन आला की हे हमखास विचारलं जातं. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

मी नगरची. आमच्या घरात ख्रिस्ती धर्म आला तो अमेरिकन मराठी मिशनमुळे, आणि ते मिशनरी होते काँग्रिगेशनल पंथाचे. त्या पंथाची अमेरिकेतली बहुतेक चर्चेस १९५७ साली युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टमध्ये आली. ओहायोत आल्यावर मी तिथेच जाऊ लागले. आम्हाला आणि मेथडिस्ट, एपिस्कोपल वगैरे जुन्या प्रोटेस्टंट पंथांना इथे 'मेनलाइन' म्हणतात. तुम्ही बातम्यांत पाहता ते बहुधा इव्हँजेलिकल, म्हणजे बायबललाच अंतिम प्रमाण मानणारे, जास्त सनातनी प्रोटेस्टंट. त्यांच्यातले दहापैकी सुमारे आठ गोरे मतदार ट्रम्पना मत देतात.

मग आम्ही डेमोक्रॅट का? वरून तसंच दिसतं. आमच्या सिनडने, म्हणजे पंथाच्या राष्ट्रीय सभेने, २००५ सालीच समलिंगी विवाहाला पाठिंबा दिला. ओबामा शिकागोत आमच्याच पंथाच्या चर्चचे सभासद होते. बहुतेक पाळकही उदारमतवादी. बाकांवरचं चित्र मात्र वेगळं आहे. २०१६, २०२० आणि २०२४, तिन्ही वेळा मेनलाइन गोऱ्या मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी ट्रम्पनाच मत दिलं. उत्तरेतली ही घराणी, कितीतरी लिंकनच्या काळापासून रिपब्लिकन, म्हणजे ट्रम्पच्याच पक्षाची. शिवाय आमच्यात सिनडचा ठराव स्थानिक मंडळीवर (एकेका चर्चच्या सभासदांवर) बंधनकारक नसतो; पाळक कोण हवा हेसुद्धा मंडळीच मतदानाने ठरवते. त्यामुळे न पटणारा ठराव झाला तरी माणसं आपापल्या बाकावर बसून राहतात. (सगळीच नाही. काही मंडळ्या पंथ सोडूनही गेल्या.)

माझ्या बाकावर एक आजोबा बसतात, तीन पिढ्यांचे रिपब्लिकन. माझ्या नागरिकत्वाच्या शपथेच्या दिवशी बर्फ पडत होतं, तेव्हा हेच मला गाडीने कोर्टात घेऊन गेले. मागे पाळकबाईंनी कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांसाठी प्रार्थना केली, तेव्हा आजोबांनी 'आमेन' म्हटलं नाही. मला ते फार लागलं. उपासनेनंतर कॉफी घेताना सरळ विचारलं. ते म्हणाले, "माणसांसाठी मागितलं असतं तर म्हटलं असतं. त्यांनी सरकारचं धोरण मागितलं."

मला हे पटलेलं नाही. त्या माणसांच्या पोटापाण्याची काळजी धोरणापासून वेगळी कशी करायची, हे मी त्यांना अजून विचारते आहे. दर महिन्याला प्रभुभोजनाचं तबक बाकावरून फिरत येतं, ते मी त्यांच्याच हातून घेते.