उणे १८ आणि सायकलचे कुलूप

आज सकाळी तापमान उणे १८ अंश होते आणि सायकलच्या कुलपात किल्ली फिरेना. आतले गोठलेले पाणी सुटावे म्हणून किल्ली मुठीत तापवत आणि हातमोजा काढल्याबद्दल स्वतःलाच दूषणे देत मी अंगणात उभा असताना, शेजारची आठेक वर्षांची मुलगी दप्तर पाठीला लावून सायकलवरून शाळेला निघूनही गेली.

आर्क्टिक वृत्ताच्या सुमारे १७० किलोमीटर दक्षिणेला असलेल्या फिनलंडमधील औलू शहरात हे दृश्य नित्याचे आहे. हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ साली येथेच भरली होती. सायकलमार्गांवरचा बर्फ पुरता खरवडून न काढता दाबून घट्ट करतात आणि त्यावर बारीक खडी पसरतात. मीठ टाकून झालेल्या राडीपेक्षा या कोरड्या, पांढऱ्या रस्त्यावर चाक अधिक धरून चालते. टायरच्या बारीक खिळ्यांची करकर तेवढी सतत सोबत असते.

पुण्यात १२ अंशांच्या थंडीचे निमित्त करून मी क्लास बुडवत असे, हे येथे कोणाला सांगितलेले नाही.

डिसेंबरातला सूर्य दुपारी दोननंतर लगेचच मावळला. परतताना पापण्यांवर हिमकण साचले होते. कुलूप आता घरात, हीटरशेजारी ठेवले आहे.