रिंग साडेआठ फुटांवर उतरली

आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मी बास्केटबॉलची रिंग बसवतोय. मागच्या नोंदीत पोल उभा होता आणि काँक्रीट सुकत होतं. या रविवारी बोर्ड चढवला, मोजपट्टी लावली आणि कपाळावर हात मारला. रिंग ३.२० मीटरवर!

वेल्डरला मी फोनवर नुसतं 'दहा फूट' सांगितलं होतं. त्याने बोर्डाची खालची कड दहा फुटांवर धरून पोलला भोकं पाडली. चूक माझीच. दहा फूट, म्हणजे ३.०५ मीटर, हे माप रिंगेच्या वरच्या कडेचं; बोर्डाची खालची कड २.९० वर येते. म्हणजे रिंग बोर्डाच्या तळापासून १५ सेंटिमीटर वर बसते, आणि नेमके तेवढेच माझे जास्त झाले. नव्याने बनवणाऱ्यांनो, वेल्डरला कागदावर चित्र काढून द्या.

दुसरी गंमत उताराची. पार्किंगला पाणी वाहून जायला उतार असतोच. पोलच्या बुडाशी मोजलं तर एक आकडा, रिंगेतून ओळंबा सोडला तर चार सेंटिमीटर जास्त. मोजायचं ते रिंगेच्या बरोब्बर खाली.

भोकं परत पाडायचीच होती, तर एकाच उंचीची कशाला? खेळणार कोण, तर आठ वर्षांची भाची. आणि दहा फूट तरी आले कुठून? १८९१ मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए संस्थेत, हा खेळ शोधणाऱ्या नेस्मिथ यांनी पीचच्या टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता, एवढंच कारण! एनबीए आणि डब्ल्यूएनबीए (अमेरिकेतल्या पुरुषांच्या आणि महिलांच्या व्यावसायिक लीग), व्हीलचेअर बास्केटबॉल, सगळे अजून त्या कठड्याचंच ऐकतात. पोरांना मात्र सूट आहे. फिबाच्या (जागतिक बास्केटबॉल महासंघाच्या) लहान मुलांसाठीच्या मिनी-बास्केटबॉलमध्ये रिंग २.६० मीटरवर, म्हणजे साधारण साडेआठ फुटांवर, बॉल ५ नंबरचा, म्हणजे नेहमीपेक्षा लहान. अमेरिकेतल्या सूचना ७-८ वर्षांना आठ फूट, ९ ते ११ ला नऊ आणि बारापासून दहा फूट सांगतात. मी २.६०, २.७५ आणि ३.०५ अशा तीन जागी भोकं पाडून घेतली.

शाळेच्या मैदानावर दहा फुटांच्या रिंगेखाली भाची बादलीतलं पाणी भिरकवावं तसा दोन्ही हातांनी कमरेतून बॉल फेकायची. मी समजत होतो, तिला शिकवायला कोणी नाही. २.६० वर तिसऱ्याच संध्याकाळी कोपर आपोआप बॉलखाली आलं, मी एक शब्द न बोलता. २० पैकी ६ आत. "मामा, आता उंच कर ना!" एवढ्यात नाही.

अडचण वेगळीच निघाली. साडेआठ फुटांवर रिंग दिसल्यावर बिल्डिंगमधली कॉलेजची पोरं रात्री डंक मारून (उडी घेऊन बॉल वरून रिंगेत कोंबून) लोंबकळायला लागली, बोर्डाचा एक बोल्ट ढिला झालाच. म्हणून खेळ संपला की रिंग पुन्हा ३.०५ वर. रोज पाना, रोज शिडी, आणि शिडी धरायला वॉचमन काका. नट-बोल्ट काढून तिथे विहिरीवर असते तशी कप्पी आणि दोर बसवता येईल का, ते आता बघतोय. बोर्डाचं वजन पेलणारी कप्पी कोणी लावली असेल तर फोटो टाका.