काळी वायर आणि नारळाची चटणी

साताऱ्यातल्या एका पेठेतलं जुनं घर. खाली दोन खोल्या, स्वयंपाकघर; वर नंतर चढवलेला हॉल. काकूंची तक्रार एवढीच, की वरचा पंखा आणि ट्यूब मधूनच बंद पडतात आणि जिन्यात भिंतीवर धपका मारला की पुन्हा चालू होतात. असं ऐकलं की निम्मं निदान तिथंच होतं. कुठेतरी जॉइंट ढिला. बरोबरच्या पोऱ्याला म्हटलं, अर्ध्या तासात उरकू आणि मिसळ खायला जाऊ.

वरच्या मजल्याची एमसीबी, म्हणजे तिथला करंट तोडणारा खटका, पाडली. पंखा थांबला, ट्यूब विझली. जिन्याच्या वळणावर छताखाली जॉइंट-बॉक्स होता, त्याचं झाकण काढलं. आत लाल वायरी आणि काळ्या वायरींची एक गाठ. लाल म्हणजे फेज, करंट आणणारी; काळी म्हणजे न्यूट्रल, तो परत नेणारी. वरची टेप इतकी जुनी, की बोटाला डांबरासारखी चिकटत होती. लाल वायरीला टेस्टर लावला, पेटला नाही. काळ्या गाठीला लावला, तिथंही नाही. टेप सोलली तर एक टोक जळून काळंठिक्कर पडलेलं. आजार सापडला.

गाठीत चार वायरी होत्या. एक बोर्डाकडून आलेली, एक हॉलला जाणारी, एक जिन्यातल्या दिव्याची. चौथी कुणाची? हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. मिसळ डोक्यात होती.

लाकडी स्टुलावर उभा राहून गाठ सोडवली. एकेक टोक पात्याने खरवडून तांबं लख्ख केलं. पोऱ्याशी गप्पा चालूच होत्या. मग पुन्हा पिळ घालायला डाव्या हातात एक टोक धरलं, उजव्या हातात बोर्डाकडची वायर. दोन्ही उघडी. काही झालं नाही. एमसीबी बंद, आणि वायर काळी. होणार काय होतं?

आणि एका दंडातून दुसऱ्या दंडात काहीतरी आडवं घुसलं. दात दातांवर बसले, बोटं मिटली ती उघडेनात. पोऱ्या मला धरायला पुढे झाला होता, पण त्याचा हात लागायच्या आत स्टूल लवंडला, वायरी हातातून निसटल्या आणि मी पायरीवर आदळलो. लवंडला म्हणून दोघंही वाचलो.

तेवढ्यात खालून काकूंचा आवाज आला, "अहो, मिक्सर चालू होत नाहीये! लाईट घालवलीत की काय?"

पायरीवर बसल्या बसल्या सगळं लख्ख कळलं. चौथी वायर स्वयंपाकघराची होती. कधीतरी ओट्याजवळ नवीन पॉइंट काढताना कुणीतरी फेज खालच्या बोर्डातून घेतला आणि न्यूट्रल जवळ पडते म्हणून या बॉक्समधून उचलली. वायर वाचते, फोडाफोडी वाचते. शिव्या द्यायला तोंड उघडलं, पण उमेदवारीच्या दिवसांत मीही असं केलंय, ते आठवलं.

मी पाडलेली एमसीबी वरच्या मजल्याचा फक्त फेज तोडत होती. स्वयंपाकघराचा फेज जिवंतच होता. काकूंनी नारळ, मिरच्या भांड्यात घालून बटण फिरवलं, तसा करंट मिक्सरच्या मोटरमधून काळ्या वायरीत आला आणि परतीच्या वाटेवर गाठीच्या जागी मी उभा. अशा मिक्सरला फिरायला दोनेक अँपिअर लागतात. माझ्या अंगातून त्याचा दहावा हिस्साही गेला नसेल. मिक्सर जागचा हलला नाही. माणूस मात्र तेवढ्यात सहज मरतो.

टेस्टर खोटं बोलला नव्हता. न्यूट्रलला डीपीवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपाशी, जमिनीशी बांधलेलं असतं, म्हणून ती शून्याजवळ राहते. गाठ जुळलेली होती तोवर चारही वायरींना ते बांधणं पुरत होतं. मी ते सोडलं, आणि सुटलेलं टोक मिक्सरच्या मोटरमार्फत थेट फेजला लटकलं. नंतर मुद्दाम बघितलं. काकूंना बटण चालू ठेवायला सांगून त्या टोकाला टेस्टर लावला, तर तो फेजला पेटतो तसाच पेटला. पोऱ्या बघतच राहिला. बटण बंद केल्यावर विझला.

सगळ्यात जास्त खुपलं ते वेगळंच. त्या घरात 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी होतं, म्हणजे गेलेला आणि परतलेला करंट जुळला नाही की लाईट तोडणारा खटका. चांगलं चालू. ते पडलं नाही. पडणार कसं? फेजने जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला, हिशेब चोख. मधे दिवा आहे की वायरमन, हे त्याला कळायला मार्ग नाही. पाय जमिनीवर असते तर थोडा करंट तिकडे गळला असता आणि कदाचित ते पडलंही असतं. पण मी कोरड्या लाकडी स्टुलावर होतो, जिवाला जपायचं म्हणून.

मग मेन बंद केला. टेस्टरवर विसंबलो नाही, होल्डरला बल्ब लावून फेज-न्यूट्रल, फेज-अर्थिंग सगळं तपासलं. स्वयंपाकघराची काळी वायर त्या बॉक्समधून कायमची काढली आणि बोर्डापर्यंत वेगळी ओढली. जुन्या पाइपात वायर सरकेना, म्हणून संध्याकाळ झाली. पैसे मूळ जॉइंटचेच सांगितलेले होते, तेवढेच घेतले.

निघताना काकू म्हणाल्या, "थांबा, तुमच्यादेखत एकदा मिक्सर लावून बघते."

त्यांनी बटण फिरवलं. मिक्सर घरघरला, आणि मी दोन्ही हात झटकून मागे सरलो. काकूंना वाटलं, चटणी अंगावर उडाली.